मुळाक्षरांचा खाऊ-खेळ सुरू करताय? आधी हे वाचा

अगं, पहिल्यांदाच करतेयस ना, मग आधी नियम ठरव, नाहीतर ङ ला अडकशील आणि पोरं उठून जातील. आम्ही घरी दर रविवारी एक अक्षर घेतो आणि त्यावरून सुरू होणारा एक खाऊ करतो किंवा आणतो, जगातला कुठलाही चालतो. अ अननसाचा सगळ्यांना पाठ असतो, पण तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला आणि नावासकट पोर्तुगीजांबरोबर आला हे सांगितलंस की पोरांचे डोळे मोठे होतात.

इ ला इंजेरा घे. इथिओपियाची भाकरी म्हण किंवा आंबोळीची मावसबहीण म्हण, टेफ नावाच्या बारीकशा धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून एकाच बाजूने भाजतात, वर जाळी पडते आणि तिच्यावरच भाजी-कालवण वाढून तिच्याच तुकड्याने खायचं. टेफ नाही मिळालं तर ज्वारीचं पीठ वापर, तिकडेही करतात. पहिल्या वेळी माझी तव्याला चिकटली होती, तेव्हा तवा नॉनस्टिकच घे :)

छ ला छुर्पी, म्हणजे हिमालयातलं कडक चीज, चावून चावून जबडा दुखतो. फ सोपा, व्हिएतनामच्या pho या नूडल्सच्या सूपचा उच्चारच जवळपास 'फ' आहे. ञ साठी मी इटलीची बटाट्याची न्योक्की घुसडते, चीटिंग आहे, चालतं.

ण आणि ळ मात्र शब्दात कुठेही चालतील असं ठेव, 'ण बाणाचा' तसंच. फणस, नारळ, सुटलीस!

ठ ला ठेचाच कर पण.