चार दिवसांत गरवायचंय? मग आधी तिथी बघा

डिसेंबरात चार दिवस, सोबत बायको, दोन मुलं आणि सासरे, घरची गाडी, मांडव्यापासून हरिहरेश्वरपर्यंत सगळं बघायचं आणि रोज थोडं गरवायचं, म्हणजे गळाने मासे धरायचे, असा तुमचा बेत. वीसेक वर्षं दादरहून याच पट्ट्यात गळ घेऊन जातोय, म्हणून स्पष्टच सांगतो: रोज नवं गाव केलंत तर मासा विसरा. पाणी चांगलं असेल नेमके तेव्हा तुम्ही गाडीत असाल. दोनच मुक्काम करा, एक रेवदंड्याला, दुसरा श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वरला.

खोली बुक करण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर उघडा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की आपल्याकडची भरतीची वेळ साधारण निघते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट, पावणेचार. शुद्ध असो की वद्य, पहाटे आणि दुपारी त्या सुमाराला पाणी भरतं, सकाळी दहाच्या आसपास सुकती, म्हणजे ओहोटी. पुनवेला-अवसेला उधाण, पाणी इतकं ओढतं की जड शिसंही तळाला थांबत नाही. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी अगदी कमी, पाण्यात जीवच नसतो. माझा कौल चतुर्थी ते सप्तमीला. दुपारची भरती उलटून संध्याकाळी पाणी उतरत असतं, तोवर मुलांचं पोहणंही झालेलं असतं.

आता रेवदंडा. इथे कुंडलिका समुद्राला मिळते, पलीकडे कोर्लईचा डोंगर आणि किल्ला. पहिल्या खेपेला मी साळावच्या बाजूला भर भरतीला दोन तास उभा होतो, शिंगाळ्यासारखा सहज लागणारा मासाही नाही. शेजारी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, झटकत बसलेले कोळीकाका बघून बघून वैतागले असावेत. म्हणाले, "पानी उभा हाय, मासा कनाला येल? सुटू दे जरा." अर्ध्या तासात पाणी सुटलं, म्हणजे उतरायला लागलं. खाडीतली बोयटी आणि कोळंबी त्या ओढीबरोबर बाहेर निघाली, आणि जिथे पाणी खडकामागे भोवरा घेत होतं तिथे दोरी एकदम ताणली. दीड किलोची तांबोशी. तेव्हापासून मी घड्याळ नाही, पाण्यावरचा फेस बघतो.

चाऱ्याला जिवंत कोळंबी घ्या, पण ती टोचायची कशी हे आधी शिका. डोक्यावरच्या करवतीसारख्या काट्याखालून गळ आडवा काढायचा. आत जो काळा ठिपका दिसतो त्याला धक्का लागला की कोळंबी तिथेच मेली, आणि मेलेल्या कोळंबीला जिताडा, हा खाडीतला मोठा मासा, सहसा विचारत नाही. जिताडा लहानपणी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. त्यामुळे सात-आठ किलोचं धूड लागलंच तर फोटो काढा आणि सोडून द्या. खायला तीन किलोचा जास्त चवदार, हे माझं मत.

कोर्लईच्या खडकांवर अनवाणी जाऊ नका. सुकतीला बायका ज्या खडकांवर कालवं फोडत बसलेल्या दिसतील, त्याच खडकांची धार तुमची दोरी कापते आणि तळवेही. गळाच्या वर हातभर जाड नायलॉन बांधा. सासऱ्यांना तोवर गावात सोडा. पोर्तुगीजमिश्रित बोली बोलणारी माणसं तिथे अजून आहेत, वेळ मजेत जाईल.

काशीदला फक्त वाळू बघायला थांबा. गळ टाकायला गर्दी फार आणि पाण्याला ओढ आहे, मुलांना गुडघ्यापुढे सोडू नका. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने अर्धा दिवस. मग आगरदांड्याहून दिघीला जंगल जेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, गाडीसकट पलीकडे, म्हणजे खाडीचा मोठा वळसा वाचतो. जाताना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो घ्या, शनिवार-रविवार असेल तर गाडीची जागा आधीच बुक करा.

हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर गळ टाकायचा मोह होतो, खडक आहेतच तसे. नका टाकू. तिथे लाट सांगून येत नाही. त्यापेक्षा पहाटे बागमांडल्याला जा, सावित्रीचं मुख आहे, समोर बाणकोट. फेरीबोटीच्या धक्क्यापासून जरा बाजूला उभे राहा, नाहीतर बोटवाले हक्काने ओरडतात.

एक राहिलंच. सगळ्यात जास्त लागेल तो शिंगाळा, आणि मुलं तो हाताने धरायला धावतील. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन असे तीन विषारी काटे असतात. पक्कड जवळ ठेवा, अंगठ्याने धाडस करू नका. मला राजपुरीला टोचला तेव्हा कोपरापर्यंत ठणका चढला होता. चहाच्या टपरीवरच्या बाईंनी सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला, तासाभराने उतरला. त्यामुळे थर्मासमध्ये गरम पाणी न्या, आणि काटा आत मोडला किंवा दम लागायला लागला तर सरळ डॉक्टरकडे.