आईला पहिल्यांदा काय खटकलं, तिथून सुरुवात कर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा प्रबंधाचा आराखडा सावकाश वाचला. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या मेंदूचे एमआरआय, जोडीला जनुकीय तपासणी, आणि हे सगळं दीड वर्षात! तुझी तळमळ खरी आहे, म्हणून स्पष्टच लिहिते: हा विषय आत्ता सोड. दोन वर्षांच्या मुलाचा एमआरआय काढायचा तर बहुतेक वेळा त्याला औषध देऊन झोपवावं लागतं. तपासणीचा खर्च कुणाच्या तरी माथी बसतो. जनुकांचं काम हजारोंच्या संख्येवर उभं राहतं, तीस-चाळीस मुलांवर नाही. कोल्हापुरात राहून तुला जे करता येईल आणि बाहेरून येऊन दुसरं कुणी करणार नाही, असं काम समोर पडलेलं आहे.

ज्या मुलाच्या मेंदूच्या वाढीत अडचण आहे, त्याच्या बाबतीत घरात पहिल्यांदा कुणाला, काय खटकलं? तिथपासून निदान होईपर्यंत किती काळ गेला, आणि तो कुठे कुठे गेला? हा तुझा प्रश्न कर.

घरच्यांच्या नजरेचं मोल एका जुन्या उदाहरणावरून बघ. 1841 साली विल्यम जेम्स वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला एक पत्र लिहिलं. रुग्ण त्यांचा स्वतःचा तान्हा मुलगा होता. बाळ पुन्हा पुन्हा डोकं पुढे झुकवतं, हे झटके एकामागून एक येतात, आणि त्याची वाढ मागे पडत चालली आहे, असं त्या बापाने नोंदवून ठेवलं. आज तो आजार त्यांच्याच नावाने, वेस्ट सिंड्रोम म्हणून, ओळखला जातो. आपल्याकडे तेच झटके घेऊन बाळ येतं तेव्हा आजी म्हणते 'दचकतंय', कुणी म्हणतं 'पोट दुखतंय', मग ग्राइप वॉटर, मग दृष्ट काढणं. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) निघून एसीटीएच, प्रेडनिसोलोन किंवा व्हिगाबॅट्रिन यांपैकी औषध सुरू होईपर्यंत अनेकदा महिने उलटलेले असतात. या आजारात उपचाराला जितका उशीर, तितकी पुढची वाढ धोक्यात. म्हणजे तू जो काळ मोजणार आहेस तो त्या मुलाच्या बोलण्या-चालण्यातून वजा होत असतो. आईने मोबाईलवर झटक्याचा व्हिडिओ काढलेला असेल तर तो आधी बघ, फाईल नंतर उघड.

आता हे विचारायचं कसं, यावर थोडं जास्त लिहिते, कारण सगळं काम इथेच तरतं किंवा बुडतं. सात वर्षांच्या मुलाच्या आईला 'कितव्या महिन्यात लक्षात आलं?' असं विचारलंस तर ती तुला बरं वाटावं म्हणून काहीतरी आकडा सांगेल. त्यापेक्षा तिच्या वर्षाला धरून विचार. गणपती होते की दिवाळी? ऊसतोड सुरू झाली होती का? 2019 च्या पुरात तुम्ही घर सोडलं तेव्हा बाळ मान धरत होतं का? 2021 च्या पुरात चालत होतं का? नदीकाठच्या गावांत त्या दोन पुरांची आठवण पक्की आहे, आणि त्यावरून महिना बराच नेमका काढता येतो. जन्माची माहितीही तिच्या बोलीत घे. 'उशिरा रडलं', 'पेटीत ठेवलं होतं', 'कावीळ चढली होती' ही वाक्यं जशीच्या तशी लिहून घे, आणि डिस्चार्ज कार्डाशी नंतर ताडून बघ.

नात्यातल्या लग्नाचा प्रश्न मात्र जपून विचार. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे. काही आजारांत आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक यावं लागतं, आणि दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के शक्यता असते. वाटा दोघांचा सारखा. पण सासूसमोर विचारलंस तर सगळं खापर सुनेवर फुटेल, आणि तू घरी गेल्यावरही ते फुटत राहील. तिला एकटीला गाठून, बाकीच्या प्रश्नांच्या ओघात विचार.

मुलं निवडताना ओपीडीवर विसंबू नकोस. सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या, रांगेत जी मुलं दिसतात, ती एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी सोडू शकणाऱ्यांची मुलं. गगनबावड्याचं, चंदगडच्या वाड्यावस्तीवरचं मूल त्या रांगेत नसतं. बीडकडून तोडीला आलेल्या कुटुंबाचं मूल तर इथल्याही यादीत नसतं आणि तिथल्याही अंगणवाडीत हंगामभर गैरहजर असतं. मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाणं अपेक्षित असतं. त्या दिवशी जो हजर नाही तो सुटला. त्या सुटलेल्यांना शोधणं हे मला तुझ्या प्रबंधाचं सगळ्यात मोलाचं प्रकरण वाटतं.

आकड्यांची उणीव किती आहे ते बघ. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात 3,964 मुलं तपासली गेली. दोन ते सहा वर्षांच्या आतल्या गटात 9.2 टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या गटात 13.6 टक्के मुलांना चेता-विकासाचा (मेंदू आणि मज्जासंस्थेच्या वाढीचा) किमान एक विकार आढळला. पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशी पाच ठिकाणं, आणि ठिकाणागणिक आकडा बराच बदलला. महाराष्ट्रातलं एकही ठिकाण त्यात नव्हतं.

'परदेशात सिद्ध झालंय, मग इथे पुन्हा कशाला?' असं तुला कुणी ना कुणी विचारेलच. त्याला हेलिक्स चाचणी दाखव. जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या बाळाला 72 तास थंड ठेवलं की मेंदू वाचतो, हे श्रीमंत देशांत सिद्ध झालं होतं. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या रुग्णालयांत 408 बाळांवर तेच करून पाहिलं. 2021 मध्ये निकाल आला. थंड ठेवलेल्या गटात 42 टक्के बाळं दगावली, दुसऱ्या गटात 31 टक्के. तो निकाल वाचताना मी सुन्न झाले होते. इथल्या बाळांना इथेच तपासावं लागतं, ही गोष्ट त्या चाचणीने फार मोठी किंमत मोजून सांगितली आहे.

आणि निदानाचा कागद हातात ठेवून निघून येऊ नकोस. ज्या घरात शिरलीस तिथल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंत पोहोचवणं हे आराखड्यातच लिही, त्यासाठी वेळ आणि गाडीभाडं धर. थेरपिस्ट नाही म्हणून हात वर करू नयेत. गोवा आणि रावळपिंडीत तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांना शिकवून, त्यांच्यामार्फत स्वमग्न मुलांच्या पालकांना मुलाशी संवाद कसा साधायचा ते शिकवलं गेलं. 2016 मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत पालकांचा प्रतिसाद आणि मुलाने स्वतःहून संवाद सुरू करणं, दोन्ही सुधारलेलं दिसलं. आपल्या आशाताई हे करू शकतील, याबद्दल मला जराही शंका नाही.

पालक तुला स्टेम सेलबद्दल विचारतील. काहींनी त्यासाठी जमीन विकायचा विचार केलेला असेल. गुळमुळीत बोलू नकोस. स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने 2022 मध्येच सांगितलं आहे. तसं त्यांना सरळ सांग, आणि जमीन विकू नका हेही सांग.

नीतिशास्त्र समितीकडे अर्ज जाण्याआधी संमतिपत्र मला पाठव. मराठी मसुदा आधी कर, इंग्रजी नंतर. सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची होकाराची नोंद त्यात वेगळी हवी, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तसं म्हटलेलं आहे. आणि मला पाठवण्याआधी राधानगरीकडच्या एखाद्या आशाताईंना तो मसुदा मोठ्याने वाचायला दे. त्या जिथे अडखळतील ते वाक्य खोडून नव्याने लिही.

तुझ्या,
मॅडम