‘समजलं का?’ असं विचारू नकोस

आशा सेविका (गावातली आरोग्य स्वयंसेविका) म्हणून गृहभेटी नुकत्याच सुरू केल्यास ना, मग आधी एवढंच सांभाळ.

‘समजलं का?’ हा प्रश्न सोडून दे. उत्तर ठरलेलं असतं: मान हलते, ‘हो ताई.’ ओआरएसचं अख्खं पाकीट १ लिटर पाण्यात घालायचं, हे मी एकीला नीट सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहते तर अर्धं पाकीट पेल्यात, उरलेलं घडी घालून डब्यामागे. चूक तिची नव्हती. तिच्यापर्यंत काय पोचलं ते मी पाहिलंच नव्हतं. आता म्हणते, ‘सासूबाईंना कसं सांगशील, मला सांग बरं.’ निसटलेलं तिथेच कळतं.

दुसरं, विचारून झालं की गप्प बस. गप्पांमध्ये एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा भागच जातो, म्हणून ३ सेकंदांची शांतताही जड वाटते आणि नवी ताई घाईने पुढचा प्रश्न टाकते. थांब गं. मनातली गोष्ट बहुतेकदा त्यानंतरच येते.

शिवाय:
- उभ्याने बोलू नकोस, टेक जरा.
- एका भेटीत एकच मुद्दा.
- रजिस्टर शेवटी उघड.

समुपदेशनाचं बाकीचं पुढे बघू. पहिल्या महिन्यात घरं ओळखीची झाली तरी पुष्कळ.