राईनबर्ग फिल्टर करायला घेतलास ना, मग आधी मधली चकती नीट जमव

सूक्ष्मदर्शकाखाली नमुना एका रंगात आणि पार्श्वभूमी दुसऱ्या रंगात दाखवायची, १८९६ मध्ये ज्युलियस राईनबर्गने मांडलेली ही पद्धत आजही घरी करता येते. कंडेन्सरच्या (नमुन्याखालचं, प्रकाश एकवटणारं भिंग) फिल्टर होल्डरमध्ये पारदर्शक रंगीत चकती आणि तिच्याभोवती दुसऱ्या रंगाचं कडं. चकतीचा रंग पार्श्वभूमीला येतो, कड्याचा रंग नमुन्याला.

सगळा खेळ चकतीच्या मापाचा आहे. १०एक्स ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं, दहापट मोठं दाखवणारं भिंग) लाव, नमुना फोकस कर, कंडेन्सरचा डायफ्राम (प्रकाश कमीजास्त करणारा पडदा) पूर्ण उघड, मग आयपीस (डोळा लावायचं भिंग) काढून नळीतून खाली बघ. दिसणारं प्रकाशाचं वर्तुळ चकतीने जेमतेम झाकलं पाहिजे. लहान पडली तर कड्याचा रंग पार्श्वभूमीत मिसळून सगळं फिकटतं. फार मोठी झाली तर नमुना अंधारतो. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला वेगळी चकती लागते. ४०एक्सवर हे अवघड जातं, सुरुवातीला तिकडे वळूच नकोस.

मधला रंग गडद हवा, कारण थेट प्रकाश त्यातूनच येतो. निळ्या जिलेटीन कागदाचे दोन थर घे. कडं पिवळं किंवा लाल. माझं मत विचारशील तर निळ्यावर पिवळं, डायटमच्या (पाण्यातलं एकपेशीय शैवाल) काचेसारख्या कवचावर ते अप्रतिम दिसतं.

नमुन्यांसाठी दूर जाऊ नकोस. गोव्यातल्या चोडण बेटाच्या खारफुटीतला गाळ, खाजनाच्या (बांध घातलेली खाडीकाठची जमीन) मानशीजवळचं (पाणी आत-बाहेर सोडायची झडप) पाणी, मिठागराच्या कडेचा हिरवा थर, सगळीकडे डायटम सापडतील. थेंब पातळ ठेव. गाळ दाटला तर पार्श्वभूमी गढूळ होते.

आणि पावसाळ्यात लेन्सा सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेव. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी लगेच धरते.