स्केटबोर्डचे ट्रक बसवताना नट-बोल्ट जपायचे तर

पहिला स्केटबोर्ड स्वतः जोडतोयस, छानच! दोन्ही ट्रकचे (फळीखाली चाकं धरणारे धातूचे भाग) किंगपिन, म्हणजे मधले जाड बोल्ट, आतल्या बाजूला, एकमेकांकडे तोंड करून आहेत ना, ते आधी बघ.

आठही नट हाताने चढव, मग तिरपे समोरासमोरचे आवळ. स्क्रूड्रायव्हर वरून नुसता धरायचा. फिरवायचा खालचा नट, ३/८ इंची पान्याने. उलट केलंस तर बोल्टच्या डोक्यावरची फुली झिजते आणि पुढे तो निघता निघत नाही. डोकं ग्रिपटेपला (फळीवरच्या खरखरीत पट्टीला) टेकून सपाट झालं की थांब, नाहीतर लाकडाचा वरचा थर चिरतो.

- चाकाच्या नटला केसभर ढील ठेव.
- नट तिरका चढतोय असं वाटलं तर जोर लावू नकोस, उतरवून पुन्हा लाव. ॲक्सलचे, म्हणजे चाकाच्या दांडीचे, आटे जातात.
- नटाच्या आतली नायलॉनची कडी झिजून नट बोटांनीच फिरायला लागला, की बदल.