रोज पळतो, मग तळ्यापर्यंत सहज जाईन ना?

प्रश्न: नमस्कार ताई, गाईडसोबत एका दिवसात ४००० मीटरवरच्या तळ्यापर्यंत जाऊन परत यायचंय. मी रोज पळतो, स्टॅमिना चांगलाय, तरी आधी वर जाऊन राहायची खरंच गरज आहे का?

उत्तर: आहे! जमलं तर दोन रात्री राहा, २५०० ते ३००० मीटरच्या आसपास. पळून पाय तयार होतात हो, पण विरळ हवेची सवय होत नाही, ४००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के उरतो म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच, आणि फिट मंडळीच बऱ्याचदा सुरुवातीला तरातरा चढतात नि मग डोकं धरून बसतात. बोलताना वाक्य न अडखळता पूर्ण होईल एवढ्याच वेगाने चाला. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर गाईडला लगेच सांगा, उगाच हिरोगिरी नको. तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर सरळ खाली उतरायचं, तळं समोर दिसत असलं तरी. डायमॉक्स (उंचीवरचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची की नाही ते डॉक्टरांनाच विचारा.

मागे कितीला फिरायचं ते गाईडकडून निघायच्या आधीच ठरवून घ्या, दुपारनंतर ढग दाटून विजा व्हायला लागतात म्हणून तर भल्या पहाटे निघतात. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या कडेलाही लावा, आजूबाजूला बर्फ असेल तर ऊन खालूनही भाजतं. आणि तळ्यात उडी मारायचा विचार असेल तर सोडून द्या, वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात श्वासच अडकतो.