घरी बनवलेल्या तीन चाकी गाडीला मेकॅनिकल पार्किंग ब्रेक कसा बसवावा?

पुढे एक चाक, मागे दोन, भरल्यावर ४५० किलो वजन आणि मागे १८० मिमीचे हायड्रॉलिक ड्रम, असं तुम्ही लिहिलंय. ब्रेकच्या लाइनमध्ये व्हॉल्व टाकून प्रेशर कोंडायचा विचार आधी डोक्यातून काढा. तापलेलं ऑइल गार होताना आकसतं, सिलिंडरचं रबर कणभर पाझरतं आणि रात्री कधीतरी गाडी एकटीच निघते. पार्किंग ब्रेक केबलचाच हवा, पायाच्या ब्रेकपासून स्वतंत्र.

डिफरन्शियलच्या (इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या) आधी शाफ्टवर एकच ब्रेक लावायचा तुमचा दुसरा पर्याय स्वस्त आहे खरा. जुन्या लँड रोव्हरमध्ये तसाच असायचा. पण शाफ्ट अडकलेला असला तरी साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरू शकतं. पंक्चर काढायला एक चाक जॅकवर उचललं की गाडी सरकलीच म्हणून समजा. म्हणून ब्रेक थेट दोन्ही मागच्या चाकांवर घ्या. (पुढे दोन आणि मागे एक चाक असतं, तर मी पुढची जोडी धरली असती. एकट्या मागच्या चाकावर वजन कमी, नाक उताराकडे केलं की आणखी कमी. मग चाक लॉक असूनही ओल्या फरशीवर घसरत जातं.)

आता हिशोब. तीन चाकींसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत (क्रमांक ७८) पूर्ण भारासह १८ टक्के चढावर गाडी धरून ठेवण्याची अट आहे. तीच आपण घेऊ. एवढ्या उतारावर ४५० किलोची गाडी साधारण ८० किलोच्या जोराने खाली ओढली जाते. चाकाची त्रिज्या २० सेंमी धरली तर एकूण १६ किलो-मीटर टॉर्क, म्हणजे प्रत्येक चाकाला ८. दीडपट सुरक्षितता ठेवून १२ धरा. ड्रमची त्रिज्या ९ सेंमी आणि एक पुढचा, एक मागचा शू (ड्रमला आतून दाबणारी कमान) असलेल्या ड्रमचा ब्रेक-गुणक, म्हणजे शूवरच्या जोराच्या किती पट पकड ड्रमवर मिळते तो आकडा, साधारण २, म्हणजे शूच्या टोकाला सुमारे ६७ किलोचा जोर लागेल.

हा जोर द्यायला तुमच्या ड्रममध्ये आतला लिव्हर नसेल, तर वेल्डिंग करून काही जोडत बसू नका. छोट्या कारची अख्खी ब्रेक प्लेट (शू आणि सिलिंडर जिच्यावर बसतात ती ड्रममागची तबकडी) आणा; तिच्यात सिलिंडरखाली पार्किंगचा लिव्हर आणि शू फाकवणारी पट्टी आधीच असते. त्या लिव्हरचं प्रमाण ५:१ असेल तर प्रत्येक केबलला साडेतेरा किलो, दोन्हींना मिळून २७. केबल आउटरमध्ये (तिच्या बाहेरच्या नळीत) घासते, त्यात तीसेक टक्के जातात, म्हणून ३८ धरा. हाताच्या लिव्हरचं प्रमाण ६:१ ठेवलंत की हाताला साडेसहा किलोच लागतात. म्हातारा माणूससुद्धा ओढेल. यापेक्षा हलका करायच्या मोहात १०:१ वर जाऊ नका: जोर वाढतो तेवढी चाल कमी होते, आणि लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) झिजले की लिव्हर वर टेकेल पण शू ड्रमला लागलेलेच नसतील.

दोन्ही केबल थेट लिव्हरला बांधू नका, मधे तराजूच्या दांडीसारखी एक पट्टी मध्यावर पिनने अडकवा. नाहीतर एक केबल जरा जास्त ताणली गेली की सगळा भार एकाच चाकावर येतो.

हाताचा लिव्हर ओढलेल्या जागी अडकवून ठेवणारा खटका आणि दाते मात्र घरी कापू नका. साध्या माइल्ड स्टीलचे दाते लवकर गोल होतात आणि धक्क्याने खटका सुटतो. भंगार बाजारात मारुती ८०० चा हँडब्रेक लिव्हर बघा, तो दात्यांसकट मिळतो. दाते न झिजलेला निवडा.

केबल बसवताना सगळ्यात जास्त लक्ष सस्पेन्शनकडे द्या. चाक खड्ड्यात खाली गेल्यावर केबल ताणली गेली तर चालत्या गाडीत ब्रेक लागेल. आउटरचं एक टोक चॅसिसला, दुसरं ब्रेक प्लेटला पक्कं करा, मधे सैल वळण ठेवा आणि सायलेन्सरपासून लांब न्या.

तपासायला घाट शोधायची गरज नाही. सपाट जमिनीवर गाडीत पूर्ण वजन भरा, पार्किंग ब्रेक लावा, न्यूट्रल करा आणि मधे लटकवायचा वजनकाटा अडकवून दोरीने पुढे आणि मागे, दोन्हीकडे ओढा. काटा ८० किलोच्या वर गेला तरी चाक हलता कामा नये. पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी गेल्यावर हीच चाचणी पुन्हा करा. ओले लायनर बरेच कमी धरतात.